ठकीची ओळ

बॅगांच्या कंपनीची नवी जाहिरात द्यायची वेळ जवळ आली होती आणि छोटीला काही सुचत नव्हतं, म्हणून त्या रविवारी सगळेच जरा सांभाळून जेवत होतो.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. साठी उलटली, केस पांढरे झाले, खालच्या मजल्यावरच्या आमच्या जाहिरातसंस्थेत तरुण मुलंमुली तिला क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून वचकून असतात. जिना चढून वर आली की ती छोटीच. तिच्याहून मोठा आणि माझ्याहून लहान असा आमचा भाऊ संस्थेचा व्यवहार बघतो आणि घरातही तसाच वागतो, म्हणून त्याला सगळे मॅनेजर म्हणतात. त्याची बायकोसुद्धा. ही बायको छोटीची वहिनी. ऐकून ऐकून मीही तिला वहिनीच म्हणायला लागले. ठकी त्या दोघांची एकुलती एक. आणि मी प्रूफं तपासणारी मोठी आत्या. या संस्थेतून बाहेर पडलेला प्रत्येक शब्द माझ्या चष्म्याखालून गेलेला आहे.

आमच्या जेवणाच्या टेबलाला एक नियम होता आणि तो छोटीने घातलेला. टायपिस्ट म्हणून पहिल्या नोकरीला लागली तेव्हा तिने पाहिलं, की साहेब लोक दार लावून बसतात, एकमेकांना जाहिरातीच्या ओळी वाचून दाखवतात आणि माना डोलावतात. घरी येऊन मला म्हणाली, “ताई, जाहिरात ऐकायला जगात कुणी असं तयार होऊन बसत नाही गं. माणूस जेवत असतो, बुटाची नाडी बांधत असतो, कुणावर तरी चिडलेला असतो. त्याच्यात आपण घुसतो.” पुढे तिची स्वतःची संस्था झाली, तेव्हा तिने हे जेवणाच्या टेबलावरच आणलं. ओळ सुचली की जेवताना म्हणायची. आधी ‘ऐका हं’ म्हणायचं नाही. बाकीच्यांनीही ‘ही ओळ आहे का’ असं विचारायचं नाही. सगळे चावत राहिले तर ओळ मेली. घास थांबला तर जगली.

कुलपाच्या कंपनीसाठी तिने एकदा पाणी पिता पिता म्हटलं होतं, “आम्ही घरी नाही.” सगळ्यांचे घास थांबले. मॅनेजर म्हणाला, “चोरांसाठी जाहिरात करतेस का?” पुढे तीच ओळ एका लहानशा कुलपाच्या चित्राखाली गावभर लागली, आणि छोटीचं नाव झालं ते तेव्हापासून.

तर त्या रविवारी सूप वाढून झाल्यावर छोटीने चमचा खाली ठेवला. “सगळे आहात तर सांगते. बॅगेचं काम हे माझं शेवटचं. मग माझी खुर्ची ठकीची.”

मॅनेजरचा चेहरा खुलला. “बरं झालं, तूच काढलंस. मी कधीचा म्हणणार होतो.”

“तू रोजच म्हणत होतास.”

“सुचवत होतो.”

वहिनीने ठकीच्या ताटात पावाचा आणखी एक तुकडा ठेवला. माहेरी भावंडांना ती कधीपासून सांगत आली होती, की आमची ठकी त्या खुर्चीवर बसणार.

ठकीने तो तुकडा उचलला नाही. ती म्हणाली, “मी जातेय. परत यायचं ठरवलेलं नाही.”

मॅनेजरचा पाव सूपमध्ये पडला. माझा चमचा ओठांपाशीच राहिला. आणि छोटी दोन्ही हात टेबलावर ठेवून उठली, नाटक संपल्यावर लोक उठतात तशी.

“वा!” ती म्हणाली. “वा गं वा! पुन्हा म्हण.”

ठकी पुन्हा म्हणाली नाही.

“‘परत यायचं ठरवलेलं नाही.’” छोटीनेच म्हणून बघितलं. “‘येणार नाही’ नाही म्हणाली ती, ताई. ‘ठरवलेलं नाही’ म्हणाली. दार किलकिलं ठेवलंय. हे शिकवून येत नाही.”

“पण बॅगेचं नाव कुठाय त्यात?” मॅनेजरने पाव चमच्याने बाहेर काढला.

“कोपऱ्यात टाकू. बारीक. तुझ्या समाधानासाठी.”

“आणि परत यायचंच नसेल तर बॅग एकदाच वापरायची का? मालक विचारतील मला. टिकाऊ बॅगा विकतात ते.”

“तू ना, अरे, लग्नपत्रिका छापायला हव्या होत्यास.”

“लग्नपत्रिकेत निदान कोण, कुठे, कधी ते तरी कळतं!”

दोघं असे भांडायला लागले की सुखात असतात. मीही हसत होते. ठकी कधी उठून स्वयंपाकघरात गेली ते माझ्या लक्षात आलं नाही. वहिनी तिच्या मागोमाग गेली.

आत काय झालं ते मला वहिनीने नंतर सांगितलं. ते समजायला वहिनीची एक जुनी गोष्ट ठाऊक हवी. लग्न होऊन आली तेव्हा या टेबलाचा नियम तिला कुणी धड समजावला नव्हता. एका संध्याकाळी वैतागून ती म्हणाली, “रोज रोज काय करू, ते एकदाचं सांगून टाका मला!” सगळ्यांचे घास थांबले. पुढच्या महिन्यात ते वाक्य तयार सूपच्या पाकिटावर आलं आणि कितीतरी वर्षं राहिलं. दुकानात गेली की वहिनीला स्वतःचा वैताग फळीवर ओळीने मांडलेला दिसायचा. ती हसण्यावारी न्यायची. आम्हीही ती हसते म्हणून हसायचो.

आत ठकी नळाखाली एकच बशी धूत उभी होती.

“खरं ना ते?” वहिनीने विचारलं.

“काय?”

“मघाशी म्हणालीस ते.”

ठकीने नळ बंद केला. “तुला कसं कळलं?”

“ओळ म्हणतेस तेव्हा तू सगळ्यांच्या तोंडाकडे बघतेस, घास थांबला का म्हणून. लहानपणापासून. आज माझ्याकडे बघत होतीस.”

मग ठकीने सांगितलं. दुसऱ्या एका शहरात मोठं हॉस्पिटल उभं राहत होतं. आत शिरलेल्या माणसाला कुठे जायचं ते कळावं म्हणून पाट्या, बाण, रंग, अक्षरं हे सगळं ठरवणाऱ्या लोकांनी तिला बोलावलं होतं. ती हो म्हणून बसली होती.

“पाट्या?” वहिनी म्हणाली. “एवढं सगळं सोडून पाट्या रंगवणार तू?”

“रंगवणार नाही, आई.”

“मग लावणार?”

ठकी हसली आणि लगेच तिचे डोळे भरले.

“बरं, ते राहू दे,” वहिनी म्हणाली. “पण तिथल्या तिथे का नाही सांगितलंस, की ही ओळ नाही, खरं आहे?”

“सांगणारच होते गं. पण सगळे थांबले. एवढी वर्षं मी ओळी म्हणतेय आणि बाबा भाजी वाढून घेतात. आज पहिल्यांदा सगळे माझ्यासाठी थांबले. मला क्षणभर इतकं छान वाटलं, आई... आणि मग वेळ निघून गेली.”

वहिनीने तिचे ओले हात आपल्या पदराला पुसले. खुर्चीचं स्वप्न तिचंही होतं, ते असं एका बशीच्या धुण्यात वाहून गेलं. पण त्या क्षणी तिने बाजू बदलली. “तूच सांग त्यांना,” ती म्हणाली. “मी तुझ्या बाजूने आहे. पाट्यांच्या नाही अजून. तुझ्या.”

ठकी दोन-तीन दिवस धीर गोळा करत राहिली. छोटीला थांबायची सवय नव्हती.

खाली चित्रकार मुलीला तिने सोमवारी सकाळीच कामाला लावलं. चित्र असं: एका घराची दाराजवळची भिंत, भिंतीवर एक रिकामी खुंटी, अर्धवट उघडं दार आणि उंबऱ्यापर्यंत आलेलं ऊन. मुलीने विचारलं, “मॅडम, बॅग कुठे काढू?”

“कुठेच नाही. बॅग गेली ना तिच्याबरोबर.”

बुधवारी चित्र भिंतीवर लागलं. मी ओळ तपासायला खाली गेले तेव्हा छोटी त्याच्यासमोर खुर्ची उलटी टाकून बसली होती. “ताई, मी काय सांगत आले सगळ्यांना? वस्तूचं कौतुक करू नका. वस्तू ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघा. वस्तू आपोआप दिसते. ठकीला ते न सांगता कळलंय. आता मी खुशाल घरी बसून टोमॅटो लावीन.”

“टोमॅटो तुझ्या ओळींची वाट बघून मरतील,” मी म्हटलं.

मॅनेजर तर त्याच दुपारी चित्राची प्रत घेऊन बॅग कंपनीच्या मालकांकडे गेला. मालकांनी ती जवळ ओढून पुन्हा पुन्हा वाचली म्हणे. मग म्हणाले, ही प्रत मी घरी नेऊ का? त्यांचा मुलगा कामासाठी दूर गेला होता. मॅनेजर शीळ वाजवत जिना चढला. शीळ त्याला येत नाही, नुसती हवा निघते. पण आनंद कळतो.

आणि त्याच संध्याकाळी ठकीने ते चित्र पाहिलं.

कचेरी रिकामी झाली होती. छोटी दिवा मालवायच्या बेतात होती. ठकी चित्रासमोर उभी राहिली, इतकी जवळ, की तिला अक्षरांशिवाय काही दिसत नसणार.

“आवडलं?” छोटीने विचारलं.

“आत्या, ही ओळ नाहीये.”

“म्हणजे? दुरुस्त करायचीय?”

“नाही. मी खरंच जातेय.”

छोटी मला नंतर म्हणाली, “ताई, तुला सांगते, माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं? म्हणूनच एवढी चांगली झालीय, असं आलं. पोर समोर रडवेली उभी आहे आणि मी मनातल्या मनात ओळीला मार्क देतेय.”

तिने ठकीसाठी खुर्ची ओढली. “कधी सांगणार होतीस?”

“सांगितलं की. तुम्ही सगळे ‘वा’ म्हणालात.”

आयुष्यभर समोरच्याचं बोलणं झेलून त्याला दोन शब्दांत परत करणारी माझी बहीण चित्राकडे वळली. मग तिने हळूच चित्राच्या चारही टाचण्या काढल्या.

जिन्यावर दोघींची पावलं वाजली तेव्हा मॅनेजर वर्तमानपत्र वाचत होता आणि वहिनी मोजे रफू करत होती. छोटीने गुंडाळलेलं चित्र टेबलावर ठेवलं.

“हे रद्द,” ती म्हणाली.

“काय रद्द?”

“जाहिरात. ओळ आपली नाही. ठकी खरंच जातेय.”

मॅनेजरने वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. “थांबा. एकेक घ्या. कुठे जातेय?”

ठकीने सांगितलं. हॉस्पिटल, शहर, पाट्या. या वेळी ती थांबली नाही, सगळं सांगून झाल्यावरच थांबली.

“तुला माहीत होतं?” मॅनेजरने बायकोला विचारलं.

“रविवारपासून.”

“वा! म्हणजे मालकांपुढे मी माझ्याच पोरीचं जाणं विकून आलो आणि घरात कुणी मला सांगितलं नाही!”

“तुम्ही जेवण संपायच्या आत मालकांना फोन लावायला पळालात,” वहिनी म्हणाली. “सांगायचं कुणाला, खुर्चीला?”

“पण ते मालक...” तो छोटीकडे वळला. “छोटी, ऐक. ते आपले सगळ्यात जुने. ओळ त्यांना इतकी आवडलीय की प्रत घरी नेली. आता काय सांगू त्यांना? ओळ कुणाचीही असो, आपल्या घरातलीच आहे ना?”

“माझं वाक्यही घरातलंच होतं,” वहिनी म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नाही. मोज्यातून सुई काढत म्हटलं. पण सूपच्या पाकिटाबद्दल ती या घरात पहिल्यांदा न हसता बोलत होती. मॅनेजरने तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

“तू तेव्हा हसली होतीस,” तो हळू आवाजात म्हणाला.

“नवी होते. मला काय माहीत, या घरात रागावायचं असलं तर आधी परवानगी काढावी लागते?”

छोटी खाली बसली. “वहिनी, ते राहिलंच माझ्याकडून.”

“राहू दे आता. त्या पाकिटावर घर चाललं आपलं. पण माझ्या मुलीचं वाक्य भिंतीवर लावायचं नाही.”

“नाही लावणार.” छोटीने मॅनेजरकडे बघितलं. “मी नव्या मुलांना काय सांगते? जाहिरात म्हणजे न बोलावता दुसऱ्याच्या घरात शिरणं. तेव्हा चपला बाहेर काढा, हळू बोला, थोडकं बोला. आता त्यात एक भर. निघताना त्या घरातलं काही उचलून आणू नका. उद्या मी स्वतः जाते मालकांकडे.”

“ते दुसरीकडे जातील.”

“जाऊ देत. बॅगवालेच आहेत, तयारी असेल त्यांची.”

मॅनेजरला हसू आलं, ते त्याने परतवून लावलं, आणि मग त्याचा आवाज एकदम उतरला. “ठके, आम्ही हे सगळं कुणासाठी उभं केलं गं?”

“तुम्हाला आवडत होतं म्हणून केलंत, बाबा. तुम्ही आणि छोटी आत्या भांडता ना एखाद्या शब्दावरून, तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे बघावं. ‘माझ्यासाठी’ म्हणालात की मला ते ओझं वाटतं. ‘आम्हाला आवडलं’ म्हणालात, तर मलाही माझं आवडतं ते शोधावंसं वाटतं.”

मॅनेजरने वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली. छोटीने विचारलं, “आणि हे तुला आवडतं? पाट्या?”

“हो.”

“का?”

असं ती नव्या मुलांना विचारायची आणि ती मुलं थरथरायची. ठकी थरथरली नाही.

“कारण तिथे कुणाला काही विकायचं नाहीये. मी त्यांचं जुनं हॉस्पिटल बघायला गेले होते. एक बाई हातात औषधांची पिशवी घेऊन एकाच दारापाशी पुन्हा पुन्हा येत होती. दारावर पाटी होती. मोठी, सुंदर. चार ओळींची. ती वाचतच नव्हती, कारण तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. आत्या, तुझ्या कामात माणूस थांबायला हवा. माझ्या कामात थांबला तर माझं चुकलं.”

मी छोटीकडे बघत होते. तिची संस्था उभी राहिली तेव्हा, बक्षिसं मिळाली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला आहे. हा चेहरा त्याहून जुना होता. टायपिस्टच्या नोकरीवरून घरी आली होती आणि मला सांगायला काहीतरी सापडलं होतं तिला, तेव्हाचा.

“दाखव,” ती म्हणाली.

“काय?”

“काम दाखव. नुसतं बोलून काय होतंय?”

ठकीने आपल्या खोलीतून जाड कागदाचे बाण आणले, आणि जिन्यापासून खालच्या मागच्या खोलीपर्यंत लावत गेली. तिला चिकटपट्टी कापून द्यायला वहिनी गेली. मॅनेजर कठड्यावरून डोकावून म्हणाला, “बाण जरा मोठा केला तर...” आणि वहिनी खालूनच म्हणाली, “गप्प बसा हो!”

“आता चष्मा काढ,” ठकी वर येऊन छोटीला म्हणाली. “हातात ही पिशवी धर. आणि समज, आत आपलं कुणीतरी आहे आणि तुला उशीर झालाय.”

छोटी निघाली. जिना उतरली. वळणाशी तिची पावलं अडखळली, पुढे गेली, मग दाराला काहीतरी आपटल्याचा आवाज आला. ती सामानाच्या खोलीत शिरली होती. थोड्या वेळाने ती ओशाळून वर आली.

“बाण दिसला होता गं. वळायचं राहून गेलं. माझंच लक्ष नव्हतं.”

“लक्ष नसणारच,” ठकी म्हणाली. “आत आपलं माणूस आहे ना. तू नाही चुकलीस, आत्या. बाण चुकलाय.”

ती खाली गेली, वळणावरचा बाण काढला आणि वळणाच्या चार पायऱ्या आधी, कंबरेच्या उंचीवर लावला. मान खाली घालून चालणाऱ्याला दिसेल असा. छोटी ते बघत उभी होती.

“जा आता.”

छोटी पुन्हा उतरली. पावलं वळणाशी आली आणि न थांबता वळली. मागच्या खोलीचं दार उघडलं.

“पोचले गं!” खालून आवाज आला.

ठकी कपाळावरचे केस मागे सारत हसली. तेवढ्यात मॅनेजर उठला. त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“मी जाऊन बघू का?” त्याने विचारलं. “आत कोण आहे असं समजायचं मी?”

“ते तुम्ही ठरवा, बाबा.”

त्याने तिच्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय त्याला ती नीट दिसत नसणार. मग कठडा धरून तो एकेक पायरी उतरू लागला.